मदत हवी आहे: पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटला हिरवीच पिल्लं का?

नमस्कार मंडळी,

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं एक पान आडवं कापून तुकडे मातीत खोचले होते. मुळं धरली, बुडाशी पिल्लंही आली, पण सगळी साधी हिरवी. काठाचा पत्ता नाही! उजेड कमी पडत असेल म्हणून कुंडी खिडकीत नेली, तरी तेच. मोठी झाल्यावर काठ येईल का?

दुसरं, मॉन्स्टेराचं एक पान देठासकट पाण्यात ठेवलंय. मुळांचा झुपका झालाय, पान टवटवीत आहे, पण कोंब काही निघेना. मातीत लावलं तर फुटेल?

आणि पीस लिलीने कुंडी गच्च भरलीये, तळाच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावताहेत. झाड फुलावर आहे. आत्ता वेगळी करू की थांबू?

प्रतिसाद १

काठ येणार नाही, उजेडाचा यात काही दोष नाही. या झाडात दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात. काठाकडच्या पेशींत हरितद्रव्य जवळपास नसतं, मधल्या पेशींत असतं. पानाच्या तुकड्यातून पिल्लू उगवतं ते आतल्या हिरव्या पेशींतून, म्हणून ते हिरवंच. काठ हवा असेल तर मूळ झाडाच्या मातीखालच्या आडव्या कंदाला फुटलेलं पिल्लू स्वतःच्या मुळांसकट कापून घ्या. हिरवी पिल्लंही ठेवा, चिवट असतात.

मॉन्स्टेराच्या देठाला खोडाचा तुकडा आहे का? नसेल तर ते पान मुळं धरून बराच काळ हिरवं राहील, पण नवं झाड होणार नाही. कोंब फुटतो तो खोडाच्या पेरावरच्या (पान खोडाला जुळतं त्या गाठीवरच्या) डोळ्यातून, म्हणजे कळीतून. मनी प्लांटचंही तसंच. झीझी प्लांट मात्र याला अपवाद, त्याच्या एकेका पर्णिकेच्या बुडाशी आधी छोटा कंद धरतो आणि मग कोंब येतो. त्यात महिने जातात, तोवर कुंडी उकरून बघायची नाही.

प्रतिसाद २

पीस लिली फुलावर असली तरी चालेल, फुलं कापून टाका म्हणजे झाडाचा जोर मुळांकडे जाईल. फक्त कडाक्याच्या थंडीत हात लावू नका. आदल्या दिवशी पाणी द्या, गड्डा बाहेर काढून बोटांनी सोडवा. प्रत्येक भागाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं हवीत. लहान कुंडीत लावा, मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं सडतात. पुढचे काही दिवस पानं मान टाकतील. ते बघून पाण्याचा मारा करू नका, सावलीत ठेवा.

हातमोजे घाला. पीस लिली आणि मॉन्स्टेरा दोन्हींच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज सुटते. घरात मांजर असेल तर तुकडे इकडेतिकडे पडू देऊ नका.

धागाकर्ती

आभार! मॉन्स्टेराच्या देठाच्या टोकाला खोडाची पातळ चकती दिसतेय. तेवढी पुरेल?

प्रतिसाद १

चकतीवर बारीक फुगीर डोळा दिसतोय का ते बघा. असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात लावा, डोळा मातीच्या वर राहू द्या. नसेल तर पान फुलदाणीत शोभेला ठेवा आणि पुढच्या वेळी पेराच्या खाली कापा.