लग्नात हवं ते नेसा-घाला, पण लग्न परदेशात नेऊ नका

चिकटवही

मत आधीच सांगून टाकते, मग खुशाल तुटून पडा. लग्न चारचौघांसारखं नको असेल तर तसं जरूर करा. काळा पोशाख घाला, पँट-कोट घाला, मैत्रिणीचा जुना गाऊन आल्टर करून घाला, खाली स्पोर्ट्स शूज घाला. पण लग्न उचलून परदेशात नेऊ नका.

कपड्यांतल्या वेगळेपणाची झळ फक्त तुम्हाला लागते. फार तर कोणी नाक मुरडेल, फोटो बघून थोडी कुजबुज होईल. परदेशातल्या लग्नाची झळ मात्र ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं त्यांना लागते. विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा, रजा, पोराबाळांची सोय, गुडघ्यांनी संप पुकारलेल्या आजीचा प्रवास. वर "नाही जमणार" म्हणायची चोरी! नाही म्हटलं तर रुसवा, हो म्हटलं तर वर्षभराची रजा आणि शिल्लक दुसऱ्याच्या हौसेपायी खलास. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण असलंच तर ते पाहुण्यांनी का मोजायचं?

आणि 'पांढरा गाऊन नाही तर नवरी कसली' म्हणणाऱ्यांसाठी: राणी व्हिक्टोरियानं १० फेब्रुवारी १८४० ला पांढरं सॅटिन घातलं, तिथून ती फॅशन पसरली. त्याआधी इंग्लंडच्या राजघराण्यातल्या वधू सोनेरी-रुपेरी जरीत सजायच्या. स्कॉटलंडची राणी मेरी १५५८ मध्ये पॅरिसला पांढऱ्या पोशाखात लग्नाला उभी राहिली, तेव्हा फ्रेंच राजघराण्यात तो रंग सुतकाचा होता. तेव्हा रंगाचं फार मनावर घेऊ नका.

पासपोर्ट_हरवला

साफ असहमत. परदेशात लग्न करणारा प्रत्येक जण हौशी, हे तुम्ही गृहीतच धरलंय.

इस्राएलमध्ये नागरी विवाहाची सोयच नाही, लग्न लावायचा अधिकार धर्मसंस्थांकडे. दोघांचे धर्म वेगळे असले किंवा धार्मिक विधी नको असला तर काय करायचं? विमानानं तासाभरावर असलेल्या सायप्रसला जायचं, तिथल्या नगरपालिकेत लग्न करायचं आणि परत येऊन त्याची नोंद करायची. लेबनॉनमधली जोडपीही हेच करतात. जर्मनीत राहणारी, दोन वेगवेगळ्या देशांची कित्येक जोडपी कागदपत्रांच्या ससेमिऱ्याला वैतागून डेन्मार्क गाठतात. तिथलं एरो नावाचं चिमुकलं बेट त्यासाठीच ओळखलं जातं. १ जानेवारी २०१९ पासून डेन्मार्कमध्ये एकच सरकारी कार्यालय आधी कागद तपासून प्रमाणपत्र देतं, आणि ते हातात पडल्यापासून ४ महिन्यांत लग्न करायचं असतं. या मंडळींना 'हौस घरी करा' असं सांगणार का?

आगाऊ_कार्टी

पासपोर्टला +१. बीटल्सवाला जॉन लेनन आणि योको ओनो पॅरिसमध्ये लग्न करू बघत होते, नियम आडवे आले. मग २० मार्च १९६९ ला जिब्राल्टरला उडाले, झटपट लग्न उरकलं आणि तासा-दीड तासात परतीच्या विमानात. योकोबाईंच्या अंगावर आखूड पांढरा ड्रेस, डोक्यावर ही मोठी हॅट, डोळ्यांवर काळा गॉगल आणि पायात कॅनव्हासचे बूट. पोशाख वेगळा, देश परका, आणि एकाही आजीला व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. :)

तसंच गायक मिक जॅगरच्या नवरीचा, बियांका जॅगरचा पांढरा पँटसूट. वेगळेपण असावं तर असं.

तळटीप

आधी दुरुस्ती. १९७१ मध्ये सॅं-त्रोपेला बियांकानं घातलेला तो पांढरा कोट फ्रेंच डिझायनर यव सॅं लोरॉंचाच, पण खाली पँट नव्हती, लांब स्कर्ट होता. पँटसूटची दंतकथा जिथे तिथे छापलेली असते.

आता मूळ मुद्दा. इथे दोन लग्नांची गल्लत होतेय. एक कायद्याचं, एक सोहळ्याचं. जपानमध्ये दोन साक्षीदारांच्या सह्यांचा फॉर्म पालिकेच्या कार्यालयात दिला की लग्न झालं. समारंभ करा न करा, कायद्याला देणंघेणं नाही. फ्रान्समध्ये कायदा मानतो फक्त महापौर कार्यालयातलं लग्न, आणि त्यासाठी दोघांपैकी एकाचं किंवा त्यांच्या आई-वडिलांपैकी कोणाचं तरी त्या गावात घर हवं, नाहीतर जोडप्यातल्या एकाचा महिनाभर सलग मुक्काम हवा. वर १० दिवस नोटीस. त्यामुळे फ्रेंच किल्ल्यांतल्या फोटोंमधली परदेशी जोडपी बहुतेक आपापल्या देशात सह्या करून आलेली असतात. किल्ल्यात होतो तो निव्वळ सोहळा. यात लबाडी काही नाही. उलट मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

परदेशात कायदेशीर लग्नच करायचं असेल तर जायच्या आधी आपल्या देशाला विचारा: ते लग्न मानणार का, कुठल्या कागदांवर मानणार? जिथे लग्न झालं तिथल्या पद्धतीनं ते रीतसर असेल तर सहसा इतर देशही मानतात. पण वय, आधीचा घटस्फोट, दोघांमधलं नातं या बाबी तुमच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानं तपासल्या जातात. नुसता विवाहाचा दाखला सहसा पुरत नाही, त्यावर अपोस्टिल लागतं. हा १९६१ च्या हेग करारानं ठरवून दिलेला चौकोनी शिक्का: कोणत्याही देशाचा असो, शीर्षक फ्रेंचमध्येच, खाली १ ते १० क्रमांकांचे रकाने, त्यांत कोणी सही केली, कोणत्या पदावर असताना केली, कुठे, कधी. तो लग्न झालं त्या देशातच मिळतो. तिकडून तो न घेताच परत आलात की मग घरबसल्या परक्या देशातल्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करत बसा. कराराबाहेरच्या देशांत तर वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या व्यवस्थेत आला, म्हणजे जुन्या अनुभवांवर विसंबू नका. आणि भाषांतर? ते अधिकृतच लागतं, मावसभावाला स्पॅनिश येतं म्हणून चालत नाही.

शेवटचं, कोणाला ऐकायला आवडत नाही ते. मोडायचं कुठे? कॅनडात समलिंगी विवाह शक्य झाल्यावर बाहेरच्या अनेक जोडप्यांनी तिथे जाऊन लग्नं केली. लग्नाला वास्तव्याची अट नव्हती, घटस्फोटाला मात्र वर्षभर राहण्याची होती. त्यांच्या देशात ते लग्नच मान्य नाही, म्हणजे तिथे घटस्फोटही नाही. ना घर का ना घाट का! शेवटी २०१३ मध्ये कॅनडाला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

बिनवरातीचा

बाप रे. हे वाचून लग्नच नको वाटायला लागलं. हलकं घ्या.

पण चिकटवहीताई, तुमचा आजीचा मुद्दा मला पटत नाही. परदेशात लग्न केलं की यादी आपोआप छोटी होते, हाच तर त्याचा मोठा फायदा! गावात केलं की ऑफिसातल्या सगळ्यांना बोलवा, त्यांच्या घरच्यांना बोलवा, ज्यांनी आपल्याला बोलावलं त्यांची परतफेड करा. परदेशात म्हटलं की मोजकेच येतात, आणि ज्यांना यायचंच नव्हतं त्यांना सन्मानानं सुटका मिळते. पाहुणा म्हणून मी स्वतः अशा आमंत्रणांना "शुभेच्छा, जमणार नाही" एवढंच कळवतो. आजवर कोणाचा रुसवा दिसला नाही. चोरी तुम्ही मनात धरून बसता.

सुईदोरा

मी लग्नाचे कपडे शिवते, म्हणून दुसऱ्या बाजूनं बोलते. 'कपड्यांची झळ फक्त नवरीला' हे वाक्य लिहिणाऱ्या बाईनं ट्रायल रूमबाहेर एक दुपार काढावी. देशावरून भांडणं मी कधी ऐकली नाहीत, कपड्यांवरून रोज ऐकते. आई बाहेर रडते, मुलगी आत रडते, आणि मी तोंडात टाचण्या धरून मध्ये उभी. काळा रंग, उघडी पाठ, पँट, यातलं काहीही 'फक्त तिचं' नसतं.

तरी ज्यांना वेगळं घालायचंच आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जुना गाऊन घेताय तर आधी तो उलटा करा आणि शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) किती सोडलीय ते बघा. घट्ट करणं सोपं. सैल करायला आत कापड लागतं, आणि सॅटिनमध्ये जुनी शिवण उसवली की सुईच्या भोकांची ओळ तशीच दिसत राहते. ती इस्त्रीनं जात नाही. लेस वर असेल तर झाकता येते, कोऱ्या सॅटिनवर नाही. लग्नात घालायचे बूट-चपला आधी ठरवा, मगच खालची उंची मापायला द्या. स्पोर्ट्स शूज म्हणता म्हणता ऐनवेळी टाचा घालणाऱ्या मुली मला माहीत आहेत. कोट-पँट असेल तर ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, कोणाला तरी मिठी मारा, खुर्चीत बसा. खांद्यावर कापड ओढलं जात असेल तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते आणि ते काम लग्नाच्या आदल्या आठवड्यात कोणी घेत नाही.

चिकटवही

सुईदोराताई, टाचण्या तोंडात धरून मध्ये उभ्या राहता म्हणजे तुम्हालाच भरपाई द्यायला हवी. पण रडणं आणि विमानाचं तिकीट यांत फरक आहे. आई रडली तरी लग्नाला हजर असते.

पासपोर्ट, सायप्रसवाल्यांबद्दल माझी तक्रारच नाही. ज्यांना घरचा कायदा लग्न करू देत नाही त्यांनी जगात कुठेही जावं. माझा रोख आहे तो समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताच्या फोटोसाठी सगळ्या गोतावळ्याला विमानात बसवणाऱ्यांवर. आणि जॉन-योकोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: त्यांनी पाहुणे नेलेच नाहीत! दोघंच जाऊन या, आल्यावर घरी पार्टी द्या. कोणाची हरकत आहे?

बिनवरातीचा, तुम्हाला रुसवा दिसला नाही कारण तुम्ही नवऱ्याचे मित्र. नवरीची सख्खी बहीण असतात तर "शुभेच्छा, जमणार नाही" कळवून बघायचं होतं.

पासपोर्ट_हरवला

गरज की हौस हे कोण ठरवणार? तुम्ही? कायदा आड येत नाही, पण घरच्यांचा विरोध आहे, म्हणून लांब जाऊन लग्न करणारे कुठे बसवायचे? १९३७ मध्ये वॉलिस सिम्पसन आणि तिच्यासाठी इंग्लंडची गादी सोडलेला राजा एडवर्ड यांनी फ्रान्समधल्या एका किल्ल्यात लग्न केलं. राजघराण्यातलं चिटपाखरूही फिरकलं नाही. लंडनमध्ये केलं असतं तर ते धावत आले असते का? काही वेळा लांबचं लग्न म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना दिलेलं सभ्य कारण असतं. आणि तिनंही पांढरा नाही, निळा घातला होता.

सुईदोरा

अवांतर: तो निळा आता राहिलेला नाही. पोशाख न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, पण रंग उडून गेलाय. रंगीत शिवणार असाल तर कापड पक्क्या रंगाचं आहे ना ते विचारून घ्या.

आगाऊ_कार्टी

हे सगळं ठीक, पण माझ्या बहिणीचं दोन महिन्यांनी परदेशात आहे (कायद्याचं घरी, सोहळा तिकडे, तळटीपकाका खूश). गाऊन चेक-इनमध्ये टाकला तर चालेल का?

सुईदोरा

अजिबात नाही. बॅग हरवली तर तिथे जीन्सवर उभी राहील. कपड्यांच्या लांब कव्हरमध्ये घालून केबिनमध्येच न्या. प्रत्येक घडीत आम्लविरहित टिश्यू पेपर ठेवा, घडी कंबरेवर नको, गुडघ्याखाली येऊ द्या. विमानात कपाट मिळेलच असं नाही, आधी एअरलाइनला विचारा, नाही मिळालं तर वरच्या कप्प्यात सगळ्यात शेवटी, बाकीच्या बॅगांच्या वर. पोचल्याबरोबर टांगा आणि वाफेची इस्त्री सोबत असू द्या. सिल्क असेल तर आधी आतल्या शिवणीवर वाफ मारून बघा, पाण्याचे डाग पडतात.