फिस्टुला तयार होत नाही: एफआयआर दिवा की निळ्या प्रकाशाचा बलून?

टेबल_नंबर_४: डाव्या मनगटाचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी धमनीला जोडलेली शीर), सात आठवडे झाले. डॉपलरमध्ये शीर ४.३ मिमी, फ्लो ३८० मिली/मिनिट, खोली ४ मिमी. जोडापाशी थ्रिल (बोटांना जाणवणारी थरथर) लागते, कोपराकडे विरत जाते. पेशंट मधुमेही, डायलिसिस सध्या मानेतल्या कॅथेटरवर. युनिटला एफआयआर (फार इन्फ्रारेड, म्हणजे लांब लहरींची उष्णता देणारा) दिवा घ्यायचं चाललंय. अंतर आणि वेळ किती ठेवायची? आणि शिरेत निळा प्रकाश सोडून भिंत पक्की करतात म्हणे, ते इथे मिळतं का?

शीरशोध: दिव्याचं आधी. तैवानच्या अभ्यासांतली पद्धत अशी: सिरॅमिक एमिटर, तरंगलांबी ५ ते १२ मायक्रॉन, हातापासून २५ सेंमी, ४० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. डायलिसिस चालू असतानाच देता येतं. २००७ च्या अभ्यासात १४५ पेशंट होते. वर्षभरात मध्ये काही न करता चालू राहिलेले फिस्टुला ८५.९ टक्के, दिवा नसलेल्यांत ६७.६. नवीन फिस्टुलांवरचा २०१३ चा अभ्यास वेगळा. त्यात तीन महिन्यांत ८२ टक्के तयार झाले, दुसऱ्या गटात ६०. आकडे चांगले आहेत, पण दिवा कोणाला मिळतोय हे लपवता येत नाही, तेवढं धरून वाचा.

२० सेंमीच्या आत आणू नका. बरोबर अंतरावर कातडी ३८-३९ अंशांपर्यंत जाऊन थांबते, जवळ आणला की थांबत नाही. मधुमेहात हाताची जाणीव कमी असते, चटका बसला तरी पेशंट बोलणार नाही. दर दहा मिनिटांनी हात लावून बघा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. हातावर चादर टाकू नका, सुई निसटली तर दिसायला हवी.

टेबल_नंबर_४: फिजिओथेरपीचा लाल बल्ब चालेल का? स्वस्तात मिळतो.

शीरशोध: नाही. तो मुख्यतः निअर इन्फ्रारेड देतो, अभ्यास ‘फार इन्फ्रारेड’वर, म्हणजे एफआयआरवर झालेत. लाल दिसतो म्हणून तोच दिवा, असं नसतं.

कात्री_आणि_टाका: दिव्याचं नंतर बघू. सातव्या आठवड्यात फ्लो ३८० म्हणजे कुठेतरी अडथळा आहे असं धरूनच चाला (सहाचा नियम: सहा आठवड्यांत फ्लो ६०० मिली, शीर ६ मिमी रुंद, खोली ६ मिमीच्या आत). अरुंद झालेली शीर दिव्याने उघडत नाही.

बोटांनी तपासा. जोडापासून थोडं वर शीर दाबा. थ्रिल पूर्ण थांबली पाहिजे. चालूच राहिली तर जोड आणि बोट यांच्या मध्ये फांदी फुटलीय, रक्त तिकडे पळतंय. बोट सेंटिमीटर-सेंटिमीटर वर सरकवत न्या. जिथून थ्रिल थांबेनाशी होते, फांदी त्याच्या जरा खाली असते. थ्रिल थांबली, पण ठोका जोरदार होत नसेल, तर रक्त आत येण्यातच अडचण आहे, बहुतेक जोडानंतरच्या पहिल्या २-३ सेंमीत. ऑपरेशनमध्ये सोडवून वळवलेला शिरेचा तुकडा तोच. नंतर हात वर उचला. शीर बसायला हवी. फुगलेलीच राहिली तर पुढे अडथळा आहे.

काही सापडलं तर फिस्टुलोग्राम (शिरेत डाय सोडून काढलेला एक्स-रे) आणि बलूनने शीर रुंद करणं. वाट बघण्यात कॅथेटरचे दिवस वाढतात, इन्फेक्शनचा धोका तिथेच. मग दिवा जोडीला लावा, हरकत नाही.

शीरशोध: याला माझी हरकत नाही, क्रम हाच.

निळ्या प्रकाशाचं: अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या अल्युसेंट बायोमेडिकलचं तंत्र. बलूनने शीर ताणून धरतात, भिंतीत औषध जातं आणि आतल्या फायबरमधून ४५० नॅनोमीटरचा प्रकाश देतात. औषध कोलॅजन आणि इलॅस्टिनला एकमेकांशी बांधतं, म्हणून ताणलेली शीर परत आकसत नाही. स्टेंट मागे राहत नाही. बलून भिंतीला घट्ट टेकलेला लागतो, कारण मध्ये रक्त राहिलं तर हिमोग्लोबिनच निळा प्रकाश शोषून घेतं. हे चाचण्यांमधलं काम आहे, रोजच्या वापरात नाही. या पेशंटच्या बेतात ते धरू नका.

टेबल_नंबर_४: दाबून पाहिलं. जोडाच्या वर चार सेंमीपर्यंत थ्रिल थांबते, पाचव्यापासून थांबत नाही.

कात्री_आणि_टाका: मग फांदी चार ते पाचच्या मध्ये. तिथे पेनाने खूण करून सर्जनला पाठवा, डॉपलरवाल्याला तिचा व्यास मोजायला सांगा. आणि त्या हातावर बीपीचा पट्टा नको.