पावट्याचा वेल मांडवभर, पण कळी एकही नाही

परसदारी (गुहागर तालुका), 12 ऑक्टोबर
नमस्कार. विहिरीजवळ पावटा लावलाय. बी सासूबाईंच्या हातचं, राख लावून बरणीत ठेवलेलं. यंदा त्या नाहीत. चारच बिया उरल्या होत्या, मृगावर टोकल्या, तीन रुजल्या. चिव्याच्या काठ्यांचा मांडव गणपतीतच भरला. पानं तळहाताएवढी, हिरवीकंच. पंधरा दिवसांनी घमेलंभर शेणखत घालते. तरी फूल नाही. शेजारी म्हणतात वेल वांझ आहे, काढून टाका. बरणीत आता एकही बी नाही, माझा हात होत नाही.

आगरवाला (दापोली)
ताई, अजिबात काढू नका. गावठी पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दिवस 13 तासांचा, डिसेंबरात 11 वर येतो. मृगावर लावलात तरी तुरे येणार दिवाळीच्या पुढेमागेच. शेणखत मात्र आजच थांबवा. याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, वरून आणखी घातलात की नुसता पाला माजतो. पाणी दिवसाआड करा, आतली दाट पानं थोडी काढा.
आणि एक सांगा, रात्री वेलावर दिव्याचा उजेड पडतो का? पडत असेल तर वेलाला रात्र लांबल्याचं कळत नाही.

परसदारी
पडतो. पंपाच्या खांबावरचा दिवा. सासूबाई गेल्यापासून मागच्या दारी काळोख नको वाटतो, म्हणून रात्रभर चालू असतो. आज बंद करते.

कातळमाती (राजापूर)
तुरे आले की त्यांच्यावर मुंगळे चढतात का बघत राहा. मुंगळे दिसले की मावा आलाच समजा. कोवळ्या देठाला काळा थर बसतो, मग कळ्या गळतात. सुरुवातीलाच सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारून धुऊन काढा. नाही हटला तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.
बियांसाठी भरलेल्या, न किडलेल्या शेंगा वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर खुळखुळल्या की काढा, बी कडक ऊन देऊन मगच राखेत.

परसदारी, 29 नोव्हेंबर
आगरवालादादा, तुरे आले! आधी विहिरीकडच्या बाजूला तीन, मग रोज नवे. फुलं पांढरी, सासूबाईंच्या वेलाला यायची तशीच. मावा दोन तुऱ्यांवर होता, पाण्याने गेला. खालच्या सहा शेंगांना लाल दोरा बांधलाय, घरात सांगून ठेवलंय की त्या भाजीला तोडायच्या नाहीत. चुलीतली राख चाळून ठेवली आहे.