पंधराशे रुपयांनी सोलापूरच्या बायका आळशी झाल्या म्हणे

पूर्वभागकर:
आपल्याच गावच्या एका टॉवेल कारखानदाराची पोस्ट फिरतेय. ‘लाडकी बहीण आल्यापासून शिलाईला, पॅकिंगला बाया मिळत नाहीत. फुकटच्या पैशाने आळस चढलाय. कामाची अट घाला, नाहीतर योजना बंद करा.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

महिना पंधराशे म्हणजे रोजचे पन्नास रुपये. पन्नास रुपयांवर घरी बसून खाणारी बाई मला अशोक चौक ते विडी घरकुल एवढ्या टापूत दाखवा. माझी आई आणि दोन्ही मावश्या विड्या वळायच्या. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्याने पान-तंबाखू दिली तर काम, नाहीतर बसा. पान खराब निघालं तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचं, आणि तपासणीत विडी बाजूला टाकली की तिची मजुरी गेली. हे काम आमच्या गल्लीत अजून चालू आहे. पंधराशे आले म्हणून एकीनेही विड्या वळायचं सूप खाली ठेवलेलं नाही.

एकीने नोकरी सोडली, हे खरं. शेजारची अक्का एका टॉवेल कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहायचं आणि बाईमाणसाला जायला संडास नाही. आधी ती सोडू शकत नव्हती, कारण बचत गटाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा. हाताशी पंधराशे होते म्हणून दुसरं काम मिळेपर्यंत तिने कळ काढली. तिने काम सोडलेलं नाही, वाईट मालक सोडला. कारखानदारांना झोंबलंय ते हे.

मागवाला:
सगळे मालक एका मापाने मोजू नका. सुताचा भाव, वीजबिल, पडून राहिलेला माल हे कोण बघतंय? माझ्याकडे संडास आहे, पगार शनिवारच्या शनिवारी होतो, उचलही देतो. तरी बाया महिन्यातून पाच-सहा दिवस न सांगता गैरहजर. अमेरिकेने १९९६ साली गरीब घरांच्या रोख मदतीला हेच केलं. काम करा तरच पैसे, आणि केंद्राच्या पैशातून आयुष्यात जास्तीत जास्त पाच वर्षं. एकट्या आया कामाला लागल्या की नाही? आपल्याकडे मात्र निवडणूक आली की वाटप, आणि २१०० करायचं आश्वासन वेगळंच.

रोहयोवाला (निवृत्त):
अमेरिकेचं अर्धंच सांगितलंत. तेव्हा तिथे तेजी होती, कामं मिळत होती. कमी पगारात काम करणाऱ्याला सरकार करातून वर पैसे देत होतं, ती रक्कम १९९३ लाच वाढवलेली. २००८ च्या मंदीत कामं गेली तेव्हा ही रोख मदत गरजेएवढी वाढलीच नाही. आणि कामाच्या अटीसाठी एवढं लांब कशाला जायचं? ७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने खडी फोडलीय. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानेच केला, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्याच्यामागे होते. त्यात काम मागणाऱ्याला काम द्यायची जबाबदारी सरकारवर होती. पण ती हमी खेड्यापुरती. सोलापूर शहरातल्या बाईने काम मागायचं कुणाकडे? आधी शहराला हमी द्या, मग अट घाला.

जुळे_सोलापूर:
मागवाले, गैरहजेरीचे दिवस लाडकी बहीणच्या हप्त्याच्या तारखेशी ताडून बघा. नंतर पाण्याच्या दिवसाशी ताडा.

मागवाला:
पाण्याचा इथे काय संबंध?

जुळे_सोलापूर:
संबंध नाही कसा? चार-पाच दिवसांआड पाणी, तेही वेळेचा पत्ता नाही. त्या दिवशी घरातल्या कुणीतरी थांबायचं आणि ती बाईच असते. मीही रजा टाकते. मला पगारी रजा आहे, अक्काची रोजी बुडते.

दत्तनगर:
तुमच्याकडे निदान टाक्या आहेत! आमच्याकडे नळाला मोटर लावल्याशिवाय थेंब येत नाही. उजनी धरण भरतं तेव्हा फोटो काढायला सगळे पुढारी हजर.

जुळे_सोलापूर:
टाक्या पैसे घालून बांधल्यात, दान मिळालेल्या नाहीत. हद्दवाढीतल्या वसाहतींना किती वर्षं टँकरवर काढायला लावलं, ते तुम्हाला माहीत नाही.

दत्तनगर:
पूर्व भागाने गावाला नाव मिळवून दिलं, चादर इथे विणली. आम्हाला काय मिळालं?

रोहयोवाला (निवृत्त):
भांडू नका. शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात, त्यातलं किती वाटेतच जातं ते बघा. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीची भाषणं ऐकत माझी नोकरी संपली. वाटपाचा पैसा तिथे आधी लागला असता तर बाईचा महिन्यातला आठवडा वाचला असता, हे मला मान्य आहे.

कुंभारी:
मग काढून घ्या पंधराशे, तुमचं पाणी येईपर्यंत आम्ही काय खायचं? आणि फुकट म्हणणाऱ्यांनी ऐका. विडीवर कल्याण उपकर होता, त्यातून दवाखाने चालायचे, पोरांना शिष्यवृत्ती मिळायची. २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर गेला. आमच्या विडीवर २८ टक्के कर लावला तेव्हा कुणी पोस्ट लिहिली नाही. माझ्या सासूची बोटं झिजलीत, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. योजनेच्या चुकीच्या लाभार्थींत हजारो पुरुष सापडले, आणि केवायसीच्या चकरा आम्ही मारायच्या?

मागवाला:
पुरुष घुसले त्यांना आत टाका, यावर माझं काही म्हणणं नाही. रजिस्टर काढून बघितलं. गैरहजेरी दर चार-पाच दिवसांनी पडलीय, हप्त्याला धरून नाही. मानायचं तेवढं मानतो. पण म्हणून दर महिन्याला नुसते पैसे वाटत राहायचं, हे मला पटलेलं नाही. तरणीताठी आहे तिने काम करावं.

पूर्वभागकर:
करतेच आहे. तुमच्याकडे संडास आहे म्हणालात. अक्काच्या दोन भाच्या काम शोधतायत, शिलाई येते. पाठवू?

मागवाला:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेटवर येऊन विचारायला सांगा. सोमवारी दहाला. त्या दिवशी पाणी असेल तर मंगळवारी.