मदत हवी आहे: गडग्यावर बसणारा हा पक्षी थिरथिराच ना? आणि गडगा आत्ता काढला तर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. भाताची सुगी आटपून वळ्या (गंज्या) घातल्या, की दरवर्षी आमच्या परड्यातल्या दगडी गडग्यावर एक छोटा पक्षी येऊन राहतो. चिमणीएवढाच, पण अंगानं सडपातळ. डोकं, गळा, छाती काळी. पाठ काळसर राखी. पोट आणि शेपटी विटकरी तांबूस, शेपटीची मधली पिसं तेवढी गडद. बसल्या बसल्या अंग चटकन खाली झुकवतो आणि शेपटी थरथरवतो. गडग्यावरून खाली झेप घेतो, ढेकळातला किडा टिपतो आणि परत वर. मसुराच्या पाटीत (शेताच्या पट्टीत) मी तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसते, कामं तशीच राहतात.

शेजारच्या काकू म्हणतात हा चीरक. मला पटत नाही. चीरक आमच्याकडे बारा महिने असतो. नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, शेपटी तो उभी धरतो आणि तांबडा रंग फक्त शेपटीखाली. ह्याची शेपटीच तांबूस आहे आणि मार्चनंतर हा दिसतच नाही. म्हणून मला हा थिरथिरा वाटतो.

आता अडचण सांगते. यंदा आणखी एक आलाय, सगळा मातकट तपकिरी, शेपटी मात्र तशीच तांबूस. काळा त्याला गडग्यावर टिकूच देत नाही, विहिरीपर्यंत हाकलतो. ती मादी असेल तर जोडीत असं भांडण कसं?

दुसरं म्हणजे, घरच्यांनी हा गडगा काढून सिमेंटचं कंपाउंड घालायचं ठरवलंय, पुढच्या महिन्यात गवंडी येणार. दगडांच्या फटीत त्याचं घरटं असेल का? मला फार लागून राहिलंय. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद (खानापूर)

ताई, तुम्ही ओळखलंय ते बरोबर, थिरथिराच. शेपटीची मधली गडद पिसं तुम्ही टिपलीत, तिथंच शंका मिटली. नव्या पिसांना राखी कडा असतात. उन्हाळ्याकडे त्या झिजतात, तसा नर जास्त काळा दिसू लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा नीट बघा.

घरट्याची काळजी सोडा. हा आपल्याकडे फक्त हिवाळा काढायला येतो. अंडी घालतो ती हिमालयाच्या उंच खडकाळ भागात आणि मध्य आशियात, दगडांच्या नाहीतर भिंतींच्या फटीत.

भांडणाचंही तेच. हिवाळ्यात हे जोडीनं राहत नाहीत. प्रत्येकाची खाण्याची जागा वेगळी आणि ती तो राखतो, समोर मादी असो की नर. तपकिरी पक्षी मादीच असेल असंही नाही, पहिल्या हिवाळ्यातले नरही बरेचदा मादीसारखेच दिसतात. गळ्यावर काळी झाक येते का तेवढं बघत राहा.

गडग्याचं मात्र घरच्यांशी बोलाच. त्याला बसायला उंचवटा लागतो आणि समोर मोकळी जमीन. दगडांच्या फटीत कोळी, किडे, अळ्या असतात, तेच त्याचं खाणं. ऐन हंगामात गडगा गेला तर ते सगळं एकदम जाईल. काम एप्रिलवर ढकलता आलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर विहिरीकडची बाजू तशीच ठेवा आणि निघालेले दगड परड्याच्या कोपऱ्यात रचून ठेवा. पिकावर फवारणी करणार असाल तर गडग्यालगतच्या दोन-चार ओळी सोडा.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. घरच्यांशी बोलले. गवंड्याला एप्रिलमध्ये यायला सांगितलंय, विहिरीकडची बाजू राहणार. एक विचारायचं राहिलं: फवारणी भाऊ करतो, त्याला सोडलेल्या ओळीत मावा पडेल अशी भीती आहे. तिथं निंबोळी अर्क मारला तर चालेल का?