रात्रपाळी, अर्धवट झोप आणि आयबीएस: पोटामुळे झोप जाते की झोपेमुळे पोट?

कोपरीकर
नमस्कार मंडळी. राहतो ठाणे पूर्वेला, काम महापेत. दोन आठवडे दिवसपाळी, दोन आठवडे रात्रपाळी. दीड वर्षापूर्वी पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत काही न सापडताही पोट सारखं दुखणं-बिघडणं) सांगितला. रक्त, शौच, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आता ट्रान्स-हार्बर लोकलच्या कुठल्या स्टेशनवर शौचालय कुठल्या टोकाला आहे, ते मला तोंडपाठ आहे. दिघा गाव सुटलं की मुरडा सुरू होतो, ऐरोली कशीबशी निघते आणि रबाळ्याला उतरावंच लागतं.

आईचं एकच पालुपद, बाहेरचं खाणं बंद कर. केलं. दूध, चणे, कच्चा कांदा, वडापाव सगळं सोडून झालं. मग जूनपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागलो: पोट बिघडलं की गोल, आणि खाली आदल्या दिवशी किती तास झोपलो तो आकडा. महिन्यात नऊ गोल पडले. त्यातल्या सात गोलांखाली पाचपेक्षा कमी आकडा! रविवारी आठ तास झोपून उठल्यावर तर्रीवाली मिसळ खाल्ली, काही झालं नाही. रात्रपाळीनंतर साधा वरणभात खाल्ला, तर चार वेळा पळालो.

हा योगायोग की खरंच संबंध आहे? घरी सांगितलं तर हसतात.

निवृत्त सिस्टर, वाशी
हसू देत. ३१ वर्षं वॉर्डात काढलीत, नाइट ड्यूटीचं पोट म्हणजे काय ते मला विचार. रात्री मोठं आतडंही जवळपास झोपलेलं असतं. जाग आली, दोन घास पोटात गेले की ते ढकलायला लागतं, म्हणून सकाळी घाई होते. पाळी फिरली की त्याचं घड्याळ बिघडतं. पहाटे तीनला आम्ही चहात खारी बुडवून खायचो आणि वर ॲसिडिटीच्या नावाने खडे फोडायचो!

दुसरं म्हणजे, अपुऱ्या झोपेनंतर आतड्याच्या नसा हळव्या होतात. एरवी जाणवलाही नसता असा गॅस कळ होऊन उठतो. फिरत्या पाळीच्या नर्सेसची पाहणी झाली आहे, त्यांच्यात आयबीएसच्या तक्रारी जास्त आढळल्या. आणि पोट दुखतं म्हणून झोप लागत नाही, हेही खरंच. दोन्ही बाजूंनी मार.

पण एक सांग, गाढ झोपेतून पोटामुळे जाग येते का? आयबीएस सहसा झोपलेल्याला उठवत नाही. तसं होत असेल, रक्त पडत असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर कॅलेंडर राहू दे बाजूला, आधी डॉक्टर गाठ.

घणसोलीचा भाचा
मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गोळ्या घे ना. माझा रूममेट घेतो, मस्त झोपतो.

निवृत्त सिस्टर, वाशी
भाच्या, रूममेटची गोळी दुसऱ्याला सांगायची नसते. गंमत म्हणजे एका छोट्या चाचणीत ३ मिलिग्रॅमने आयबीएसवाल्यांची पोटदुखी कमी झाली, झोप मात्र होती तशीच राहिली. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून.

वर्तकनगर
झोपेचं असेलही. माझ्या बायकोला दोन वर्षं आयबीएस म्हणाले, शेवटी निघाली सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा आजार. गहू बंद, त्रास बंद. ती रक्ततपासणी झाली आहे का बघा, आणि तीही चपाती खाणं सुरू असतानाच करायची, नाहीतर उगाच निगेटिव्ह येते.

कोपरीकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. ताई, झोपेतून जाग येत नाही, वजनही तेवढंच आहे. सिलिॲकची तपासणी झाली होती, निगेटिव्ह. फाइलमध्ये सापडली.

रात्रपाळीत तीनचा डबा बंद केला. साडेआठला मुगाची खिचडी खाऊन निघतो, एकनंतर चहा नाही. सकाळी परतताना उन्हात गॉगल लावतो (सोसायटीचा वॉचमन आता मला "हिरो" म्हणतो). खिडकीला जाड चादर लावली आणि बेलची वायर काढून ठेवली. यावर आई दोन दिवस बोलली नाही, कारण कुरिअरवाला परत गेला. तिसऱ्या दिवशी तिनेच दारावर कागद चिकटवला, "मुलगा झोपला आहे, बेल वाजत नाही, कडीही वाजवू नये."

तीन आठवड्यांत गोल चार. झोप साडेसहा तासांपर्यंत गेली आहे. मंगळवारी मात्र वरच्या मजल्यावर टाइल्स फोडायचं काम निघालं. दहा वाजता ड्रिल सुरू. कडी कुणी वाजवली नाही, पण झोप जेमतेम तीन तास झाली. संध्याकाळी रबाळ्याला उतरलो.