शिफ्ट-डिलीटने उडालेलं फोल्डर परत येईल का? (डी ड्राइव्ह, कोरलच्या फाईली) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सेलूत (जि. परभणी) माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची कामं सुरू होतात, आणि नेमकं आत्ताच हे होऊन बसलंय.

डी ड्राइव्हवर 'जुनं' नावाचं फोल्डर होतं. अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका, सगळ्या कोरलमध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर, कोरलड्रॉ). जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे, दुकान त्याच्यावरच चालतं. गिऱ्हाईक आलं की त्यातली एखादी उघडायची, नावं आणि मुहूर्त बदलायचे, खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या लेकरांची नावं घालायची, झालं काम.

परवा भाच्याला गल्ल्यावर बसवून जेवायला गेलो. तेवढ्यात कुणीतरी पेनड्राइव्हमधला लग्नाचा व्हिडिओ उतरवून घ्यायला आलं. जागा पुरेना, म्हणून पठ्ठ्याने 'जुनं' बघितलं अन् शिफ्ट दाबून डिलीट करून टाकलं. रिसायकल बिनमध्ये काहीच नाही. वर तो ४० जीबीचा व्हिडिओ त्याच ड्राइव्हवर घेतला. लेकराला काय बोलू, नाव मीच तसं ठेवलेलं.

विंडोज १० आहे. सी ड्राइव्ह २५६ जीबीची एसएसडी, डी ही वेगळी १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. फोल्डर साठेक जीबीचं असेल. सिस्टीम रिस्टोर करून पाहिलं, फरक नाही. संभाजीनगरच्या एका रिकव्हरीवाल्याने डिस्क न बघताच फोनवर १८ हजार सांगितले. दोन दिवसांपासून युट्यूब बघून हेच करायलोय. घरच्या घरी काही होईल का?

लातूरकर: दादा, आधी डी ड्राइव्हवर काहीही सेव्ह करणं थांबवा. डाऊनलोड नाही, इन्स्टॉल नाही, गिऱ्हाइकाचा फोटोसुद्धा नाही.

सिस्टीम रिस्टोर विंडोजच्या सेटिंगा मागं नेतं, तुमच्या फाईली आणत नाही. ते सोडून द्या. फाईल डिलीट केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. ड्राइव्हच्या मास्टर फाईल टेबलात तिची नोंद असते, त्या नोंदीवर फक्त 'आता वापरात नाही' असा शिक्का बसतो आणि तिची जागा मोकळी धरली जाते. सातबाऱ्यावरून नाव गेलं, पण पीक अजून रानात उभं आहे असं समजा. त्या जागेवर नवीन काही लिहिलं की नांगर फिरला. तुमचा ४० जीबीचा व्हिडिओ कुठून कुठून फिरलाय, त्यावर सगळं आहे.

डी ही हार्ड डिस्क आहे हे नशीब. एसएसडीवर विंडोज ट्रिमची आज्ञा देतं, म्हणजे ही जागा आता लागत नाही, साफ कर असं डिस्कला सांगतं, मग मोकळ्या जागेतला डेटा सहसा वाचता येत नाही. खात्री करायची तर 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा, मीडिया टाईपच्या रकान्यात दिसेल. फक्त बघा, ऑप्टिमाइझ दाबू नका!

रेकुवा म्हणजे डिलीट झालेल्या फाईली शोधणारं सॉफ्टवेअर. त्याची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये घ्या, तिथूनच चालवा. निघालेलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, परत डी वर नाही. फाईलीपुढं हिरवा, पिवळा, लाल गोल दिसेल. हिरवा म्हणजे हमखास उघडेल असं नाही, उघडून बघितल्याशिवाय खरं मानू नका.

गोदाकाठ: हे रेकुवा झाल्यावरच करा. नोंदच गेलेल्या फाईलींसाठी फोटोरेक आहे, फुकट आहे. ते फाईलीची सुरुवातीची खूण ओळखून उकरून काढतं, त्यामुळं नावं आणि फोल्डर जातात. हजारो फाईली नुसत्या आकडे घालून मिळतात. कोरलच्या एक्स४ आवृत्तीपासूनची फाईल आतून झिपच असते. झिप म्हणून निघाली तर नावाच्या शेवटचं एक्स्टेंशन सीडीआर (कोरलचं) करून उघडून बघा.

आणि डिस्क कट-कट आवाज करू लागली तर सगळं बंद करून तज्ज्ञाकडंच न्या. तेव्हा घरचे प्रयोग नकोत.

जालन्याची ताई: भाऊ, डिस्कमध्ये खोदण्याआधी बाहेर बघितलं का? आमच्या दुकानातही असंच झालं होतं, निम्मं काम बाहेरूनच मिळालं. प्रेसला ज्या फाईली मेल करता त्या 'सेंट'मध्ये पडून असतात. गिऱ्हाइकाला प्रूफची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर फोनमध्ये व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्सच्या आत 'सेंट' फोल्डर बघा. पीडीएफ कोरलमध्ये इम्पोर्ट होते. अक्षरं कर्व्ह झाली (म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं झाली) असतील तर मजकूर परत टाईप करावा लागेल, पण किनार, गणपती, कलश तरी वाचतात.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद करून बसलो. रेकुवाच्या यादीत फोल्डरची बहुतेक नावं दिसली. २०१९ च्या आधीचं जवळजवळ सगळं हिरवं, दहा-बारा उघडून पाहिल्या, बरोबर उघडल्या. गेल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच लाल. लाल फाईलीच्या कॉमेंटमध्ये ती कशाने ओव्हरराईट झाली त्या फाईलीचं नाव येतं, आणि तिथं प्रत्येक ठिकाणी तोच व्हिडिओ! लग्नानेच लग्नपत्रिका खाल्ल्या.

ताई, 'सेंट'मध्ये सत्तर-ऐंशी प्रूफ सापडली. काही हिरव्या फाईली मात्र कोरल 'करप्टेड' म्हणून उघडत नाही. त्यांचं काय करावं?

लातूरकर: निघालेल्या फाईलींत 'बॅकअप ऑफ' ने सुरू होणारी नावं शोधा. बॅकअप चालू असेल तर सेव्ह करताना कोरल आधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये त्या नावाने ठेवतं. ती डिस्कवर वेगळ्या जागी असते, व्हिडिओतून वाचली असेल.

धागाकर्ता: आहेत! गेल्या वर्षीच्या चौदा त्यातूनच उघडल्या. बाकीच्यांसाठी प्रेसवाल्याला सकाळी फोन लावतो. शनिवारी परभणीला जाणं आहेच, येताना अजून एक हार्ड डिस्क घेऊन येतो.